कानशीनं बसवलेलं कार्ड

कोल्हापुरात ‘हे ह्याला चालेल का?’ असं कुणाला विचारूच नये. उत्तर ठरलेलं असतं. ‘चालतंय की!’ स्कूटरला मोपेडचा आरसा चालेल का? चालतंय की. जेवायला चौघे येणार होते, नऊ आलेत, चालेल का? चालतंय की, पाणी वाढवा रश्श्यात. या एका उत्तरावर अख्खं शहर सुखात जगतं. कॉम्प्युटर मात्र जगत नाही, आणि हे शिकायला मला माझं एक नवंकोरं मशीन जाळून घ्यावं लागलं.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायबर कॅफे होता. तिथं कोपऱ्यातल्या मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा एक नवा गेम चालायचा. रात्रीचं शहर, ओला रस्ता, त्यात दिव्यांची पडलेली प्रतिबिंबं आणि त्यावरून सुसाट जाणारी गाडी. ते मशीन कॅफेमालकाच्या दोस्तांसाठी राखीव. मला मिळायची दाराजवळची खुर्ची. तिथून मान वाकडी करकरून मी तो रस्ता बघायची. एकदा धीर करून ‘मी खेळू का?’ म्हणून विचारलं, तर मालक म्हणाला, ‘ताई, तुमी पत्त्यांचा गेम खेळा की. लई भारी हाय.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दिवशी ठरवलं, हा गेम मी खेळणार, आणि माझ्या घरात, माझ्या मशीनवर खेळणार. हौस म्हणा, हट्ट म्हणा, मला त्या वर्षी दुसरं काहीही नको होतं.

डिप्लोमा झाल्यावर मला सोन्याची चेन करायची, असं आईनं कधीपासून ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, चेन नको, त्या पैशात कॉम्प्युटर घेऊ. त्यानंतर काही दिवस आई माझ्याशी फक्त भांडी आपटून बोलत होती. शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल दिला. ‘घे. पर एकदाच. उद्या ह्ये बिघडलं आन् त्ये जळलं म्हनून आलीस तर परत मिळायचं न्हाय.’

हे वाक्य अण्णांचं आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

तयार कॉम्प्युटर घ्यायचा तर त्या पैशात टायपिंगपुरतं मशीन आलं असतं. गेम चालवायचा तर एकेक भाग वेगळा घेऊन जोडायला हवा होता. आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. प्रोसेसर ठरवला की त्याच्या पिना ज्यात बसतील तोच मदरबोर्ड घ्यायचा. मदरबोर्ड ठरला की त्याच्या खाचेत जाईल तीच रॅम. ग्राफिक्स कार्ड त्याच बोर्डाच्या पट्टीला जुळायला हवं, आणि या सगळ्यांना पुरेल एवढी वीज डब्यातल्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या, पॉवर सप्लायनं द्यायला हवी. एक बदललं की बाकीचे सगळे रुसणार. लग्न जमवताना पत्रिकेत मंगळ निघाला तर त्याची शांती तरी करून घेता येते, इथं तीही सोय नाही. मी मासिकं वाचली, राजारामपुरीतल्या दुकानांचे जिने झिजवले आणि प्रत्येक दुकानात तोच प्रश्न विचारून तेच उत्तर ऐकलं.

शेवटी एका दुकानातून प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम नवीन घेतली. स्वतः तपासून, पिन न् पिन जुळवून. मॉनिटर जुना घेतला. कॅबिनेट इतकं स्वस्तातलं घेतलं की त्याच्या पत्र्यानं जोडताना दोन बोटं कापली. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते ग्राफिक्स कार्ड घ्यायची वेळ आली तेव्हा पैसे संपले. हे असंच होतं. नवरदेवाच्या सगळ्या नातेवाइकांना कपडे झाले आणि नवरदेव बनियनवर, त्यातली गत.

सायबर कॅफेचा मालक तेव्हा त्याची जुनी मशीनं मोडीत काढत होता. त्याच्याकडे एक जुनं, पण त्याच्या काळात तालेवार असलेलं कार्ड मोडीच्या भावात मिळत होतं. मी माझ्या बोर्डाचं खोकं घेऊन गेले, त्यावरचं चित्र दाखवलं आणि विचारलं, ‘ह्या बोर्डाला हे चालेल का?’

‘चालतंय की! लावा बिनधास्त,’ चित्राकडे न बघताच तो म्हणाला.

घरी आणून लावायला गेले, तर कार्ड आत जाईना. बोर्डावरच्या पट्टीत एका ठिकाणी छोटा उंचवटा होता. कार्डाच्या कडेला बरोबर त्याच जागी खाच असेल तरच ते खाली बसतं. या कार्डाला खाच होती, पण भलत्याच जागी. मी कपाळावर हात मारला आणि कार्ड टेबलावर ठेवून दिलं. अण्णा नुकतेच कामावरून आले होते, चहा पीत होते.

‘काय झालं गं?’

‘बसत नाही हे. उद्या कॉलेजवरून आले की परत देऊन येते. तोवर कुणी हात लावू नका.’

‘बसत न्हाय म्हंजी?’ अण्णांनी कप खाली ठेवला.

आता अण्णांविषयी सांगायला हवं. अण्णा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, आणि ‘बसत नाही’ हा शब्द त्या भागात कुणी ऐकूनच घेत नाही. शिरोळकडचा शेतकरी ट्रॅक्टरचं तुटलेलं गियर पिशवीत घालून यायचा. तो पार्ट कंपनीनं बनवायचा कधीच बंद केलेला असायचा. अण्णा तो हातात घेऊन उलटसुलट फिरवायचे आणि म्हणायचे, ‘बसवून देतो. च्या घेऊन या जावा.’ आणि खरंच बसवून द्यायचे. एका कंपनीच्या इंजिनाला दुसरीचा पंप, तिसरीचा शाफ्ट, मधे स्वतः बनवलेलं बुश. जिथं अडेल तिथं कानस चालवायची. त्यांच्या हातून कुठलंही काम कधी परत गेलेलं नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. मोठे विनम्र वगैरे गृहस्थ नव्हतेच ते.

अशा माणसासमोर टेबलावर न बसणारी वस्तू ठेवून मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले.

संध्याकाळी घरी आले, तर अण्णा माझ्याआधी येऊन खुर्चीत बसलेले. कॅबिनेट बंद. सगळे स्क्रू पिळलेले. वर फडका मारलेला. आणि अण्णांच्या चेहऱ्यावर, सासरी गेलेली लेक माहेरी आल्यासारखा आनंद.

‘बसलं,’ ते म्हणाले.

‘काय बसलं?’

‘तुझं कार्ड. त्यात काय न्हाय. एक खाच कमी हुती, ती मारली.’

‘मारली म्हणजे?’

‘बारीक कानस घिऊन. दुपारच्या सुट्टीत वर्कशापात नेलं हुतं. माप बोर्डावरच धरून घेतलं. फिट्ट बसलंय, हालवून बघ, हालायचं न्हाय.’

‘अण्णा, चालू तर नाही ना केलंत?’

‘केलं की! पंखा फिरला. जरा वास आला. मोटरीचं वायंडिंग नवं आसलं की पैल्यांदा वार्निशचा वास येतो, तसा. म्हनलं, सुटू दे सगळा वास. ऱ्हाऊ दिलं चालूच. मग आपोआप बंद पडलं.’

वास सुटू दिला! मी कॅबिनेट उघडलं. बोर्डावरची एक मोठी काळी चिप मधोमध फुगून तडकली होती. जळका वास अजून आत कोंडलेला होता. कार्ड मात्र खरोखरच फिट्ट बसलं होतं, ते निघता निघेना.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेजारच्या काकू गॅलरीत आल्या होत्या एवढं आठवतं. ‘हात लावू नका म्हटलं होतं ना? एकदाच मिळणार म्हणून कोण बोललं होतं?’ अण्णा आधी म्हणाले, ‘मालच हलका आसंल.’ मग ‘लाईट कमीजास्त झाली आसंल.’ आई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, ‘चेन केली आसती तर अशी जळली नसती.’

एकच आशा होती. बोर्ड नवा होता आणि त्याला वॉरंटी होती. दुकानदार विचारेल, कार्ड कुठलं लावलं होतं? मी सांगणार, कुठलंच नाही. कार्ड घरीच ठेवायचं. बोर्ड बदलून मिळाला की सगळं पूर्ववत होणार आणि गेमही खेळायला मिळणार. मला यात काही वावगं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मी एकटीच जाणार होते, पण स्कूटर अण्णांची, आणि अण्णा स्कूटरसोबत येतात. दुकानाच्या जिन्यात मी त्यांना बजावलं, ‘मी बोलेन. तुम्ही तोंड उघडायचं नाही.’

‘मी कशाला बोलतोय?’ अण्णा म्हणाले.

दुकानदार तिशीतला, उत्साही माणूस होता. त्यानं बोर्ड आपल्या टेबलावर जोडून बघितला, वास घेतला, मान हलवली. ‘गेलाय. येतात आसे एखादे पीस. ताई, ग्राफिक्स कार्ड लावलं हुतं का?’

‘नाही.’

‘मग देतो की बदलून. त्यात काय.’ तो आत गेला आणि नव्या बोर्डाचं सीलबंद खोकं घेऊन आला. काउंटरवर ठेवलं. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मी हात पुढे केला.

आणि अण्णा खाकरले.

‘एक इचारू का?’

‘इचारा की मामा.’

अण्णांनी खिशातून रुमालाची घडी काढली. घडी उलगडली. आत ते कार्ड होतं. मी त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला दाबून दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला.

‘ह्ये कार्ड लावलं हुतं. त्याला ही खाच मी मारलीया. माप बरोबर हाय. बसलं बी घट्ट. मग जळलं कशानं?’

दुकानदारानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. मग कार्ड ट्यूबलाईटखाली धरलं. ‘ही खाच तुमी मारली?’

‘व्हय.’

‘कशानं?’

‘कानशीनं. शेवटचा हात पॉलिश पेपरचा.’

‘आयला!’ तो खरंच खूश झाला होता. ‘फॅक्टरीतली खाच कंची आन् तुमची कंची, वळखाय यीना झालंय.’ असं म्हणत त्यानं दुसऱ्या हातानं नव्या बोर्डाचं खोकं हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. ‘काम एक नंबर हाय मामा. पर वॉरंटी गेली.’

अण्णांना वॉरंटीशी घेणंदेणंच नव्हतं. ‘त्ये ऱ्हाऊ दे. जळलं कशानं?’

‘आवो, ह्या कार्डाला जास्त व्होल्टेज लागतं. नव्या बोर्डाला त्ये झेपत न्हाय. म्हनून तर खाच दुसऱ्या जागी दिल्याली आसती. ही खाच बसवायसाठी नस्ती मामा, आडवायसाठी आसती.’

‘आडवायसाठी?’ अण्णा चकितच झाले. ‘बसू नये म्हनून पार्ट बनवत्यात व्हय?’

मग चहा आला. मग दुकानदारानं कागदावर आकृती काढून व्होल्ट समजावले. अण्णांनी त्याला ट्रॅक्टरच्या पंपाची गोष्ट सांगितली. दुकानातल्या जुन्या प्रिंटरचं गियर तुटलं होतं, तेही बघून झालं. दोघे जन्माचे मित्र असल्यासारखे बोलत होते आणि मी जळका बोर्ड मांडीवर घेऊन स्टुलावर बसले होते. मला चहा विचारायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

खाली स्कूटरपाशी आल्यावर माझा बांध फुटला. ‘दोन मिनिटं गप्प बसला असता तर बोर्ड मिळाला असता! खोकं काउंटरवर होतं अण्णा, काउंटरवर!’

‘आगं, पर जळलं कशानं त्ये कळाय नगो?’

‘मला नको होतं कळायला! मला बोर्ड हवा होता!’

कारण न कळता वस्तू घेऊन घरी जाणारं माणूसही असतं, हे अण्णांना खरोखर पटत नव्हतं. आणि अशा बापावर मी किती चिडू, हे मला कळत नव्हतं. मी राजारामपुरीतून घरापर्यंत चालत आले. ते हळूहळू स्कूटर चालवत माझ्या बाजूनं येत होते आणि अधूनमधून ‘बस की’ म्हणत होते.

पुढं सगळा पावसाळा माझा प्रोसेसर आणि रॅम कपाटात साड्यांखाली पडून होती. रिकाम्या कॅबिनेटवर आईनं क्रोशाचा रुमाल घातला आणि त्यावर लोणच्याची बरणी ठेवली. मी कॅफेत जाणं सोडून दिलं. त्या कोपऱ्यातला तो ओला रस्ता बघवत नव्हता.

मग एका रविवारी अण्णा घरी आले ते काखेत खोकं घेऊन. खोक्याला सुतळी बांधलेली. बरणी उचलून त्यांनी स्वतः बाजूला ठेवली, रुमाल काढला आणि खोकं माझ्यासमोर सरकवलं. आत मदरबोर्ड होता.

‘त्या दुकानदाराच्या प्रिंटरचं गियर पितळंचं करून दिलं,’ ते म्हणाले. ‘पैसं नगो म्हनलो, बोर्ड दे म्हनलो. आन् ह्या टायमाला पैलं इचारलं. ह्या कार्डाला चालंल आसाच बोर्ड पायजे म्हनून सांगितलं. दुकानात लावून बघितलं, चित्र आलं पडद्यावर! कानस हातात बी घेतली न्हाय.’

मी बोर्ड बाहेर काढला. जुना होता. कार्डाला चालणारा म्हणजे कार्डाइतकाच जुना. त्यावरची प्रोसेसरची जागा जुन्या पद्धतीची, रॅमच्या खाचा जुन्या. माझा नवा प्रोसेसर त्यात बसणं शक्य नव्हतं. रॅमही नाही. या माणसानं अख्खं मशीन बाजूला ठेवून, स्वतः खाच मारलेल्या एका कार्डाला बोर्ड जुळवून आणला होता! मला हसावं, रडावं की बोर्ड भिंतीवर आपटावा, कळेना. कार्ड मशीनसाठी असतं, अण्णा, मशीन कार्डासाठी नसतं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

अण्णा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांचं हसू हळूहळू कमी झालं.

‘बसंल न्हवं?’ त्यांनी विचारलं.

जन्मभर लोकांना ‘बसवून देतो’ म्हणत आलेल्या माणसाला मी पहिल्यांदाच हे विचारताना ऐकलं. विचारताना त्यांनी आवाजही खाली घेतला होता. माझा राग गेला नाही, राग तसाच होता. पण ते वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना.

‘बसेल,’ मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कपाटातला नवा प्रोसेसर आणि नवी रॅम घेऊन मी सायबर कॅफेत गेले. म्हटलं, हे घ्या, आणि मोडीत काढलेल्या मशीनमधला जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम मला द्या. मालक माझ्याकडे बघतच राहिला. ‘ताई, नीट इचार केलाय न्हवं? चालंल तुमाला?’ म्हणाला. त्या माणसाला आयुष्यात प्रश्न पडलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

मशीन जोडलं. पहिल्याच फटक्यात सुरू झालं. प्रत्येक वस्तू जिथल्या तिथं बसली, एकाही ठिकाणी जोर लावावा लागला नाही. मग मी मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून तो गेम चढवला. पडदा काळा झाला, इंजिनाची घरघर ऐकू आली आणि सगळं बंद पडलं. पुन्हा लावला, पुन्हा बंद. जुन्या प्रोसेसरला तो झेपणारा नव्हता, हे मला बोर्ड पाहताक्षणीच माहीत होतं. नवं काही घ्यायला पुन्हा पैसे मिळणार नव्हते, तसं अण्णांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच सीडीवर गाड्यांचा एक फार जुना गेम होता. भरदुपारचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना चौकोनी झाडं, आणि काड्यापेटीला चाकं लावावीत तशी गाडी. मी तो लावला. तो मुकाट्यानं चालला.

अण्णा शर्टाच्या बाह्या खाली करत आत आले आणि पडद्याकडे वाकून बघू लागले. गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती.

‘हाच न्हवं त्यो? ज्याच्यासाठी येवढा दंगा केलास?’

‘व्हय,’ मी म्हणाले. ‘हाच.’

त्यांनी कॅबिनेटच्या पत्र्यावर तळवा ठेवला, वर्कशॉपात बेअरिंग गरम झालंय का बघतात तसा, आणि थोडा वेळ तसाच ठेवून म्हणाले, ‘मग खेळ की. थांबलीस का?’